जुन्या सायकलला दुसरं हँडल बसवलं आणि आता ते फिरतंय, कुरकुरतंय, ब्रेकही धड लागत नाही: काय काय तपासायचं

माळ्यावरची किंवा जिन्याखालची सायकल बाहेर काढायची, टायर-ट्यूब बदलायचे, चेनला तेल द्यायचं आणि मग हँडल बदलायचं, हा क्रम जवळपास ठरलेला असतो. कुणाला रेसरचं खाली वळलेलं हँडल नको असतं, कारण कंबर बोलू लागलेली असते. कुणाला काळ्या रोडस्टरला सरळ हँडल लावून तिचं रूप पालटायचं असतं. कुणाला मुलाची कॉलेजातली गिअरची सायकल आता स्वतः चालवायची असते, पण ताठ बसून. हँडल घरपोच येतं, रविवारी सकाळी हौसेने बसवलं जातं आणि पुढच्या आठवड्यात सायकल माझ्या पार्किंगमध्ये उभी राहते. तक्रारही बहुतेक वेळा तीच: ‘घट्ट केलंय हो, पण जागेवर राहत नाही.’

हँडलमध्ये दोष क्वचितच असतो. दोष असतो तो जोडांमध्ये. पुढचं वाचताना गोंधळ नको म्हणून नावं ठरवून घेऊ. आडवी नळी, जिच्या टोकांना मुठी असतात, ती हँडल. ती जिच्यात अडकते ती पकड. पकड ज्या तुकड्याच्या टोकाला असते तो स्टेम. पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग तो फोर्क. जुन्या सायकलींत स्टेमचा खालचा दांडा फोर्कच्या उभ्या नळीत आत उतरतो आणि तळाशी एक पाचर किंवा शंकू लांब बोल्टने वर खेचला जातो. त्या दाबाने स्टेम नळीत रुतून बसतो. म्हणजे निसटायच्या जागा दोन: पकड आणि पाचर. तिसरी भानगड ब्रेकची. ती हँडल विकत घेताना कुणाच्याच डोक्यात नसते, आणि खर्च मात्र तिथेच होतो.

लक्षणं

- खड्ड्यात चाक आदळलं किंवा ब्रेक जोरात दाबला की हँडल पुढे-खाली झुकतं.
- हँडल सरळ आणि चाक तिरकं, किंवा हँडल वळवलं तरी चाक थोडं मागे राहून वळतं.
- चढावर उभं राहून पेडल मारताना पुढून कुरकुर किंवा टक-टक आवाज येतो.
- एका बाजूला वळलं की ब्रेक आपोआप लागतो, नाहीतर वायर ताणली जाते.
- ब्रेकचा लिव्हर थेट मुठीला जाऊन टेकतो. किंवा उलट, लिव्हर कडक लागतो पण सायकल थांबत नाही.
- मूठ हातात फिरते.
- हँडल जड वळतं, किंवा अगदी मध्यावर आलं की खटकन बसल्यासारखं वाटतं.
- वळताना गुडघ्याला हँडल लागतं. अर्ध्या तासात मनगटं आणि मान भरून येतात.

यातलं दुसरं लक्षण असेल तर आजपासून सायकल बंद. बाकीच्यांचं काय ते तपासून ठरवता येईल, पण हँडल आणि चाक यांची फारकत झाली की उतारावर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

आधी मार्करची रेघ मारा

पहिल्या तपासणीला खर्च नाही आणि पानाही लागत नाही. सीडीवर लिहायचा मार्कर घ्या. एक रेघ हँडलवरून पकडीवर जाईल अशी सलग मारा. दुसरी रेघ स्टेमच्या दांड्यावरून खालच्या मोठ्या नटावर जाईल अशी. क्रोमवर मार्कर दिसत नसेल तर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दोन्ही भागांवर लावून जोडावर ब्लेडने कापा. मग गल्लीतून एक चक्कर मारा. एखादा गतिरोधक घ्या, दोनदा ब्रेक दाबा, परत या.

पहिली रेघ तुटून दोन्ही तुकडे सरकलेले दिसले तर हँडल पकडीत फिरतंय. दुसरी तुटली तर स्टेम फोर्कमध्ये फिरतोय. दोन्ही शाबूत आहेत आणि आवाज तरीही येतोय, तर तो बहुधा हेडच्या वाट्यांतून (फोर्कची नळी जिथे फ्रेममध्ये फिरते तिथल्या छर्ऱ्यांच्या वाट्या) किंवा ब्रेकच्या खिळखिळ्या लिव्हरमधून येत असतो. ही रेघ मारायचा कंटाळा करून लोक दिसेल तो बोल्ट पिळत सुटतात. मग एक जोड ढिलाच राहतो आणि दुसऱ्याचे आटे जातात.

दुसरी परीक्षा उभ्या उभ्या होते. सायकलसमोर उभे राहा, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल डावी-उजवीकडे पिळून पाहा. चालवताना लागेल त्याहून जरा जास्त जोर लावा. हललं तर पाचर ढिली आहे. मग हँडलच्या दोन्ही टोकांवर शरीराचा भार देऊन खाली दाबा. झुकलं तर पकड ढिली.

बोल्ट घट्ट करा, पण फट बघून

पकडीच्या बोल्टाकडे नीट बघा. पकडीच्या दोन जबड्यांमध्ये फट असायलाच हवी. बोल्ट पूर्ण आवळला तरी दोन-तीन मिलिमीटर फट दिसत असेल तर पकड खरोखर नळीला आवळतेय. जबडे एकमेकांना टेकलेले असतील, तर तुम्ही कितीही जोर लावा, तो जबडे एकमेकांवर दाबण्यात जातोय. नळीला काही लागत नाही. म्हणजे नळी पकडीपेक्षा बारीक आहे. या एका फटीवरून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक सायकलींचं निदान होतं. पान्यावर पाइप चढवून आणखी पिळू नका. आटे जातील, नाहीतर बोल्टाचं डोकं हातात येईल.

फट ठीक असेल तर बोल्ट पूर्ण काढा. आट्यांतला गंज ब्रशने आणि रॉकेलने साफ करा, आट्यांना बोटभर ग्रीस लावा आणि पुन्हा घट्ट करा. कोरड्या, गंजलेल्या आट्यांत तुमचा जोर घर्षणातच खर्च होतो. हाताला घट्ट लागतं आणि पकड मात्र ढिली राहते. ग्रीस आट्यांना लावायचं. स्टीलच्या पकडीत आत, नळीवर लावायचं नाही. तिथे स्पिरिटने पुसून कोरडं करा. चार बोल्टांची नवी पकड असेल तर तिच्यावर सहसा किती आवळायचं याचा, न्यूटन मीटरमधला आकडा छापलेला असतो, बहुधा ५-६ च्या आसपास. चारही बोल्ट तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा, म्हणजे वरची-खालची फट सारखी राहील.

मुठी फिरत असतील तर काढून आतलं तेल स्पिरिटने पुसा आणि थोडं स्पिरिट लावूनच परत चढवा. ते वाळलं की मूठ बसते. इथे ग्रीस, साबण, खोबरेल काही वापरू नका. आणि टोकं बंद करा. उघड्या नळीवर पोट आपटलं की ती घुसते, आणि मुलांच्या बाबतीत ही जखम फार वाईट असते. बुचं मिळाली नाहीत तर लाकडाचा तुकडा तासून ठोका, पण उघडं ठेवू नका.

वळवून बघा

नवं हँडल जुन्यापेक्षा उंच किंवा रुंद असेल तर जुनी ब्रेकवायर पुरणार नाही. पुढचं चाक उचलून हाताने फिरवत ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. चाकाचा वेग मध्येच बदलला, म्हणजे ब्रेकचा शू (रिमवर दाबला जाणारा रबरी ठोकळा) घासला, तर बाहेरचं काळं आवरण आखूड आहे. उलट ते फार लांब असेल तर मोठा गोल लोंबतो, वळणात कशात तरी अडकतो आणि ब्रेक लिबलिबीत लागतो. वायर आणि आवरण ही दोनच गोष्टी अशा आहेत की जिथे मी जुनं वाचवायला कधीच सांगत नाही. स्वस्त आहेत, आणि जुनी वायर तुटते ती बहुतेक वेळा लिव्हरच्या गाठीपाशी, जिथे दिसत नाही.

याच वेळी सीटवर बसून, एक पाय जमिनीवर ठेवून हँडल पूर्ण वळवा. मागे वळलेल्या मुठींचं हँडल लहान फ्रेमला लावलं तर मूठ गुडघ्याला लागते. पार्किंगमध्ये हे हसण्यावारी जातं. चौकात वळताना तोल जातो.

मोजा. खरंच मोजा

इथून पुढे थोडा वेळ द्यावा लागतो. हँडलच्या नळीची जाडी मध्यभागी, जिथे पकड येते तिथे, मोजायची असते, मुठीपाशी नाही. बहुतेक हँडलं मध्ये फुगीर असतात. व्हर्नियर असेल तर उत्तम. नसेल तर कागदाची अरुंद पट्टी नळीभोवती गुंडाळा, जिथे टोक भिडतं तिथे पेन्सिलने खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. त्या मापाला ३.१४ ने भागलं की जाडी. दोरा वापरू नका, तो ताणला जातो.

भागाकार करायचा नसेल तर हे लक्षात ठेवा. पट्टी साधारण ७० मिमी भरली तर नळी २२.२ मिमीची. ८० च्या किंचित खाली भरली तर २५.४ मिमी, म्हणजे बरोबर एक इंच. ८१.७ च्या आसपास असेल तर २६.० मिमी, रेसिंगच्या जुन्या हँडलांचं माप. १०० भरली तर ३१.८ मिमी, आजचं नवं माप. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या स्टीलच्या हँडलांत २३.८ मिमीही भेटतं. पट्टी ७५ च्या आत येते.

पकडीचं आतलं माप घेणं कठीण. त्यापेक्षा सायकलचं मूळ हँडल मध्ये मोजा, तेच पकडीचं माप. म्हणूनच जुनं हँडल लगेच भंगारवाल्याला देऊ नका.

सगळ्यात फसवी जोडी २५.४ आणि २६.० ची. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही. २५.४ चं हँडल २६ च्या पकडीत बसतं, आवळलंही जातं आणि आठवडाभर छान चालतं. मग एका गतिरोधकावर मुठी खाली बघू लागतात. असं हँडल बाहेर काढून उजेडात धरलंत तर क्रोमवर किंवा अॅल्युमिनियमवर पकडीच्या रुंदीएवढा चरे पडलेला पट्टा दिसेल, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोरा. कोरी बाजू म्हणजे तिथे पकड टेकतच नव्हती. याउलट २६ चं हँडल २५.४ च्या पकडीत कोंबायचं म्हणजे पकड फाकवावी लागते. अॅल्युमिनियमची पकड अशी फाकवून आवळली की तिच्या मागच्या बाजूला बारीक चीर जायला सुरुवात होते. हे करू नका.

आणखी एक घोळ. तेच आकडे वेगवेगळ्या जागी येतात. २२.२ हे सरळ हँडलच्या मुठीकडच्या टोकाचं माप आहे आणि एक इंची फोर्कमध्ये उतरणाऱ्या स्टेमच्या दांड्याचंही. २५.४ हे पकडीचं माप आहे, तसंच थोड्या जाड फोर्कच्या काही गिअरवाल्या सायकलींमध्ये स्टेमच्या दांड्याचंही. ऑनलाइन जाहिरातीत नुसतं ‘२५.४’ लिहिलं असेल तर ते कशाचं माप आहे हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

पत्रा घालायचा की नाही

नळी बारीक निघाली की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सांगतो, ‘पत्रा घाला.’ सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण किती फरकाला कुठला पत्रा हे महत्त्वाचं. २५.४ ची नळी २६ च्या पकडीत असेल तर दर बाजूला ०.३ मिमी भरायचं असतं. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याची पट्टी कापून, कडा बोथट करून, तीन थर होतील अशी एकसंध गुंडाळली तर भागतं. तुकडे तुकडे कोंबायचे नाहीत, कारण मग दाब दोन-तीन ठिकाणीच येतो. २२.२ ची नळी २५.४ मध्ये बसवायची असेल तर १.६ मिमी जाडीची तयार चिरलेली नळी मिळते, २५.४ ला ३१.८ मध्ये बसवायला ३.२ मिमीची. ती पकडीइतकी किंवा तिच्याहून थोडी जास्त रुंद हवी आणि तिची चीर पकडीच्या फटीसमोर येऊ नये.

पॉलिशपेपरचा तुकडा, सायकलच्या ट्यूबची पट्टी, इन्सुलेशन टेप, हे सगळं मी पकडींतून काढलंय. रबर दाबलं जातं आणि पुन्हा ढिलं होतं. पॉलिशपेपरचे कण अॅल्युमिनियमला ओरखडतात, आणि अॅल्युमिनियम तुटतं ते ओरखड्यापासूनच. स्टीलचं हँडल आधी वाकून इशारा देतं, अॅल्युमिनियम बहुधा देत नाही.

पत्रा फक्त पकडीत. स्टेम आणि फोर्कच्या मध्ये पत्रा घालायचा नाही, कधीच नाही. काही बीएमएक्स छापाच्या सायकलींच्या स्टेमचा दांडा २१.१ मिमीचा असतो. तो २२.२ च्या नळीत सहज उतरतो आणि पाचर आवळली की घट्टही वाटतो. पण तो तळाशी एकाच जागी धरलेला असतो, वर डुगडुगतो. यावर उपाय एकच: बरोबर मापाचा स्टेम.

मला स्वतःला जुन्या सायकलीसाठी पसंत असलेला मार्ग वेगळा आहे. २२.२ चा एक दांडा मिळतो, जो पाचरीने फोर्कमध्ये बसतो आणि वर २८.६ मिमीचं टोक देतो. त्यावर आजचा कुठलाही चार बोल्टांचा स्टेम चढतो. दिसायला थोडा जाडजूड, जुन्या सायकलवर शोभत नाही म्हणतात, पण पुढे हँडल बदलायचं झालं तर चार बोल्ट काढले की काम झालं. वळणदार हँडल बंद पकडीतून सरकवताना होणारी झटापट आणि चरे, दोन्ही वाचतात.

स्टेम किती आत आहे?

हँडल उंच हवं म्हणून स्टेम वर खेचला जातो, आणि किती खेचला हे कुणी बघत नाही. दांड्यावर आडव्या-उभ्या रेघांची खूण कोरलेली असते. ती बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल तर किमान अडीच इंच, म्हणजे ६५ मिमी दांडा आत हवा.

कारण नुसतं ‘निसटेल’ एवढंच नाही. फोर्कच्या नळीच्या वरच्या भागावर बाहेरून आटे पाडलेले असतात. तिथे ती पातळ असते. पाचर त्या आट्यांच्या उंचीवर आवळली गेली तर नळी आतून फुगते किंवा चिरते. पाचर आट्यांच्या खाली, पूर्ण जाडीच्या भागात रुतायला हवी. जास्त उंची हवी असेल तर लांब दांड्याचा स्टेम घ्या किंवा उंच वळणाचं हँडल. स्टेम खेचून मिळवलेली उंची उसनी असते.

पाचर ढिली करताना बोल्ट पूर्ण काढू नका. चार-पाच आटे सोडा, डोकं थोडं वर येईल. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून मोगरीने एक ठोका द्या. बोल्ट खाली बसला की पाचर सुटली. थेट लोखंडी हातोडी मारली तर डोकं चेपतं आणि पुढच्या वेळी पाना बसत नाही. मग चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे फिरवत वर काढा. साफ करा, दांड्याला आणि पाचरीला ग्रीसचा पातळ हात द्या, परत बसवा. इथे ग्रीस हवंच. घट्टपणा पाचरीच्या दाबातून येतो, आणि ग्रीस नसेल तर पावसाळ्याचं पाणी आत जाऊन दोन्ही नळ्या एकजीव होतात. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यात हे फार लवकर होतं, विशेषतः स्टेम अॅल्युमिनियमचा आणि फोर्क स्टीलचा असेल तर.

स्टेम निघतच नसेल तर गंज सोडवणारं तेल वरून टाका. मग सायकल उलटी करून फोर्कच्या खालच्या भोकातूनही टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा प्रयत्न करा. तरीही हलला नाही तर थांबा. गॅसची ज्योत लावणं, हँडलला लांब पाइप अडकवून पिळणं, यातून स्टेम निघत नाही, फोर्कचे पाय मात्र वाकतात. हे काम मिस्त्रीचं.

लिव्हर आणि ब्रेकची जोडी

रेसरच्या वळलेल्या हँडलची नळी लिव्हरच्या जागी २३.८ मिमी असते, सरळ हँडलची २२.२. म्हणून एकाचे लिव्हर दुसऱ्याला बसत नाहीत. वळलेलं हँडल काढून सरळ लावायचं म्हणजे ब्रेकचे लिव्हर नवे, मुठी नव्या, वायरी नव्या. गिअरचा खटका हँडलवर असेल तर तोही. हँडलच्या किमतीत हे आधीच धरा.

लिव्हर बसला म्हणजे जमलं असंही नाही. गिअरवाल्या सायकलींच्या व्ही-ब्रेकचा (रिमच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा हात असलेला ब्रेक) लिव्हर वायर जास्त लांब खेचतो. रिमवर वरून येणाऱ्या जुन्या कॅलिपरचा लिव्हर कमी खेचतो पण जोर जास्त देतो. व्ही-ब्रेकचा लिव्हर कॅलिपरला जोडला तर ब्रेक कडक लागतो आणि सायकल थांबत नाही. कॅलिपरचा लिव्हर व्ही-ब्रेकला जोडला तर तो मुठीपर्यंत दाबला जातो आणि शू जेमतेम टेकतात. लक्षणांच्या यादीतली ती दोन परस्परविरोधी लक्षणं इथली. वायर कितीही ताणा, सुटणार नाहीत. लिव्हर बदला. आणि उजव्या हाताला जो ब्रेक आधी होता तोच ठेवा. घाईच्या वेळी हात सवयीने चालतो.

काळी रोडस्टर आणि सळीचे ब्रेक

आता खरी अडचण. अठ्ठावीस इंची काळी सायकल, वायरऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक, आणि मालकाला हवंय सरळ हँडल. पाना उचलायच्या आधी खाली वाकून बघा. ब्रेकचे लिव्हर हँडलला बोल्टने लावलेले नाहीत. ते हँडलवरच पक्क्या केलेल्या कानांमध्ये फिरतात. बऱ्याच रोडस्टरना हँडल आणि स्टेमसुद्धा एकाच तुकड्यात जोडलेले असतात. म्हणजे हँडल काढलं की दोन्ही ब्रेक गेले.

‘मग वायरचे ब्रेक लावू’ असं लगेच सुचतं. पण त्या रिमकडे बघा. सळीच्या ब्रेकचे शू रिमला आऱ्यांच्या बाजूने, आतून बाहेर दाबतात. त्यासाठी रिमचा तो भाग सपाट असतो आणि कडा गोलाकार. कॅलिपरच्या शूला टेकायला सरळ, सपाट कड लागते. ती या रिमला नाही. शू गोलाईवर घसरतो, कधी टायरला घासतो. म्हणून फक्त ब्रेक बदलून भागत नाही, रिम बदलावी लागते, आणि २८ × १½ च्या मापात वायरच्या ब्रेकला चालणारी रिम सहजी मिळत नाही. फोर्कला ब्रेकचा बोल्ट जाईल असं भोक आहे का, ब्रेकचे हात रिमपर्यंत पोचतात का, हे प्रश्न त्यानंतरचे.

यावर काही जण पुढचा ब्रेक सोडूनच देतात, ‘मागचा आहे ना’ म्हणून. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवायचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागच्या ब्रेकवर सायकल थांबायला बरंच जास्त अंतर घेते आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरतं. अशी सायकल मी परत देत नाही.

माझा स्पष्ट सल्ला: सळीच्या ब्रेकची सायकल असेल तर हँडल बदलू नका. तक्रार उंचीची असेल तर स्टेम खुणेच्या मर्यादेत वर घ्या, सीट थोडी पुढे-मागे करा. स्टेम वर घेतला की पुढची उभी सळीही वर खेचली जाते आणि ब्रेक लागूनच राहतो. सळी जिथे यू आकाराच्या ब्रेकला जोडते तिथला स्क्रू ढिला करून सळी सरकवा, शू रिमपासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहतील असं बघा आणि मग घट्ट करा. मागच्या सळीचंही तेच. हँडलच वाकलं किंवा गंजून गेलं असेल तर जुन्या बाजारात त्याच जातीचं, कानांसकट असलेलं हँडल शोधा. ते मिळतं.

हेड आणि फोर्क

हँडल जड वळत असेल किंवा मध्यावर खटकन बसत असेल तर दोष हेडच्या वाट्यांत आहे. त्यात छर्रे असतात. वर्षानुवर्षं एकाच जागी आदळून वाटीत खळगे पडतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि एक बोट वरच्या वाटीच्या फटीवर ठेवा. बोटाला हालचाल जाणवली तर हेड ढिलं आहे. ढिल्या हेडमुळे येणारी टक-टक पुष्कळ लोक हँडलच्या माथी मारतात. छर्रे-वाट्या बदलणं महाग नाही, पण वाट्या ठोकून काढायला आणि सरळ बसवायला हत्यार लागतं. छर्रे फरशीवर सांडून कपाटाखाली शोधायची हौस नसेल तर हे दुकानातच करा.

एक खूण मात्र नीट तपासा. पाचरीचा बोल्ट आवळताना हँडल जड वळायला लागतं आणि ढिला केला की मोकळं होतं, असं होत असेल तर फोर्कची नळी आतून फुगतेय. तो फोर्क बाद. त्यावर आणखी एक फेरीही मारू नका.

इथे थांबायचं

पुढच्या गोष्टींपैकी काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि जाणकार मिस्त्रीकडे जा: फुगलेली किंवा चिरलेली फोर्कची नळी; पकडीच्या मागे केसासारखी चीर; तेल देऊनही न निघणारा स्टेम; फोर्कचे गेलेले आटे; एकजोड हँडलमध्ये स्टेमच्या सांध्याशी हालचाल; सळीच्या ब्रेकवरून वायरच्या ब्रेकवर जायचा निर्णय. वाकलेलं अॅल्युमिनियमचं हँडल सरळ करू नका, करवूनही घेऊ नका, ते बदलायचंच. आणि चिरलेलं हँडल, स्टेम किंवा फोर्क गेटच्या ग्रिल जोडणाऱ्या वेल्डरकडे नेऊ नका. त्याचा टाका चांगला असतो, पण टाक्याच्या बाजूची पातळ नळी उष्णतेने कमजोर होते आणि पुढची चीर तिथेच जाते.

दुकानात जाताना जुनं हँडल, नवं हँडल आणि कागदाच्या पट्टीवर लिहिलेली मापं सोबत न्या. मार्करच्या दोन्ही रेघा पुसू नका. कुठला जोड सरकला हे मिस्त्रीला त्यावरून लगेच कळेल. सायकल परत आली की पहिले काही दिवस, दूध-भाजीच्या फेऱ्या झाल्या की त्या रेघांवर एकदा नजर टाका. नवा जोड थोडा बसतो आणि बोल्टाला आणखी पाव फेरा लागतो, तेवढा द्या.